रत्नागिरी, सांगली बोलतेय

“टीव्ही कुठं गेला?”

बापूसो माळींनी दारातूनच विचारलं. आठवड्यातून तीनदा सावळजहून मिरजेला यायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून पडायचं आणि परत जायचं. या सगळ्यात त्यांना एकच सुख होतं ते समोरच्या टीव्हीचं, आणि त्या दिवशी भारताची मॅच होती.

“हा काय समोर,” सिस्टर सुवार्ता त्यांना पलंगावर निजवून दंडाला पट्टा बांधत म्हणाल्या. “आधीपेक्षा मोठा आणलाय की.”

“ह्यात नुसतं पाणी हाय.”

“नदी आहे ती.”

“दिसतीया मला. अवो, अग्रणी आमच्या गावातनंच जाती. नदी बघायला मी इथं येतोय व्हय?”

मी कोपऱ्यात वायरी गुंडाळत होतो. ती नदी माझी होती.

त्याआधी दहा-बारा वर्षं मी पुण्यात नेटवर्क इंजिनिअर होतो. एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये, जिथे खिडकी नसते आणि बाराही महिने स्वेटर घालावा लागतो, तिथे बसून हजारो लोकांचे निरोप एका जागेहून दुसऱ्या जागी नीट पोचतायत ना, हे मी बघायचो. त्यातला एकही निरोप मला नसायचा. घरी आलो की मी संगणकावर चित्रं काढायचो. धुकं, पाणी, दगड, संध्याकाळचा उजेड. केतकीशी लग्न मोडलं तेव्हा भांडणसुद्धा झालं नाही. “तू घरात असलास तरी नसतोस, उदयन,” एवढंच ती म्हणाली आणि बंगलोरला निघून गेली. नंतरच्या वर्षी मी नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे मी एकटाच. मोठ्या भिंतींसाठी हलती चित्रं करून द्यायची, असा धंदा. मिरजेच्या ट्रस्टचं हे हॉस्पिटल माझं पहिलं गिऱ्हाईक, आणि तोवरचं एकमेव.

चार पडदे जोडून अख्खी भिंत भरली होती. बाहेर जशी वेळ सरकेल तसा चित्रातला उजेड सरकायचा. सकाळी पाण्यावर धुकं असायचं, दुपारी पाणी चकाकायचं, दिवस कलला की पैलतीरावरची झाडं काळी व्हायची. एक प्रसंग दुसऱ्यांदा यायचा नाही अशी मी तजवीज केली होती. मला ते फार सुंदर वाटायचं.

दोन दिवसांनी डॉक्टर आरवाडेंनी मला केबिनमध्ये बोलावलं. डायलिसिसचा सगळा विभाग त्यांच्याकडे होता.

“शिंत्रे, चित्र मला आवडलंय. पण चार तास त्यांना पडून राहायचंय, मला नाही. तक्रारी यायला लागल्यात. महिनाअखेरीला आपण पेशंटनाच विचारू. नको म्हणाले तर टीव्ही परत लावायचा.”

“मी तोवर इथं बसलो तर चालेल? त्यांना काय खुपतंय ते बघतो.”

“बसा. फक्त सिस्टरांच्या पायात येऊ नका.”

त्याच दुपारी माझे जुने साहेब, चौबळ, यांचा फोन आला. माझी जागा अजून भरली नव्हती. “एक तारखेपर्यंत थांबतो तुझ्यासाठी,” ते म्हणाले. “छंद झाला ना पुरा? ये आता.” मी कळवतो म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा मनातून मी अर्धा परत गेलोच होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी एक स्टूल घेऊन खिडकीशेजारच्या पलंगाजवळ बसायला लागलो. तिथे मगदूम बाई असायच्या. लीलावती मगदूम. सत्तरीच्या आसपासच्या, किडकिडीत, डोळ्यांवर जाड चष्मा. भावाच्या घरी अंकलीला राहायच्या आणि रिक्षानं एकट्याच यायच्या. बाकीच्यांबरोबर कोणी ना कोणी असायचं, यांच्याबरोबर पिशवी असायची. पहिले दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या चित्राकडे बघत राहिल्या. मला वाटलं, चला, एकीला तरी आवडलंय.

तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, “कुठल्या गावची नदी ही?”

“अशी कुठलीच नाही. मनातली.”

“तरीच.”

“तरीच म्हणजे?”

“नदीवर कोणी येत नाही. मी सकाळपासून वाट बघतेय. धुणं नाही, म्हैस नाही, पोहणारी पोरं नाहीत. कृष्णेच्या घाटावर एवढा वेळ बसले असते तर निम्मी सांगली भेटली असती.”

“मला माणसं काढता येत नाहीत,” मी म्हणालो. ते खरंच होतं. मी काढलेली माणसं दुकानातल्या पुतळ्यांसारखी दिसायची.

“मग शिका की. तुम्हाला दुसरं काय काम आहे?”

पलीकडच्या पलंगावरून बापूसो हसले.

त्या दिवसापासून बाई बोलायला लागल्या. त्या सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर होत्या. परगावचा फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करायचा, तो काळ. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. कोल्हापूर मागायचं, रत्नागिरी मागायची, लाइन जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं.

“म्हणजे तुमचं नि माझं काम एकच,” मी म्हणालो.

“कसं एक? तुमच्या मशीनशी कोणी बोलत होतं का? माझ्याशी बोलायचे. कोण मेलं, कोण जन्मलं, कुणाचा ट्रक घाटात अडकला, सगळं आधी मला कळायचं.” मग म्हणाल्या, “आणि पलीकडे ऑपरेटर असायचे. त्यांच्याशी तर रोजचंच.”

रत्नागिरीचे ऑपरेटर होते पावसकर. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण लाइन मिळायला वेळ लागला की दोघं बोलत बसायचे. आधी पावसापाण्याचं, मग घरचं, मग कशाचंही. बाईंच्या आईच्या आजारपणात बाई कोणाजवळ रडल्या असतील तर त्या लाइनवर. असं कितीतरी वर्षं चाललं. एकदा दोघांनी ठरवलं, भेटायचं. मधलं ठिकाण म्हणून कोल्हापूरचं स्टँड. बाई नवं पातळ नेसून गेल्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत रत्नागिरीहून येणारी प्रत्येक गाडी बघितली.

“आणि?”

“आणि काय. सांगलीची गाडी धरून परत आले.”

“दुसऱ्या दिवशी विचारलं नाहीत?”

“मी कशाला विचारू? त्यांनी सांगायला नको? ते म्हणाले, रत्नागिरी. मी म्हणाले, सांगली बोलतेय, अमुक नंबर द्या. त्यांनी दिला. त्यानंतर आम्ही नंबरांशिवाय काही बोललो नाही. मग एसटीडी आलं. लोक घरबसल्या फिरवायला लागले, आमचा बोर्ड उचलून नेला. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं.”

मशीनचं चाक फिरत होतं आणि त्यांचं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येत होतं. त्यांनी चित्राकडे बोट केलं.

“तिथं पलीकडच्या काठानं कोणी चालत गेलं तर बरं दिसेल. त्यांनाच चालवा.”

“दिसायला कसे होते?”

“मला काय माहीत? मी पाहिलं होतं का?”

“मग मी काढू कसा?”

“आवाज सांगते. बोलायच्या आधी जरा खाकरायचे. मग सावकाश. भरलेलं भांडं खाली ठेवतो ना माणूस, सांडू नये म्हणून, तसं प्रत्येक वाक्य ठेवायचे.”

माझ्या लॉजची खोली स्टेशनच्या मागे होती. तिथे बसून मी भरलेल्या भांड्यासारखं बोलणारा माणूस काढायचा प्रयत्न करत होतो. पहिला जो काढला तो मी दोन दिवसांनी चित्रात सोडला. पैलतीरावर, बोटभर उंचीचा, झाडांच्या मागून पुढे असा चालत जाणारा.

“हे नव्हेत,” बाई लगेच म्हणाल्या. “हे फार ताठ चालतायत. ताठ माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही. ते ऐकून घ्यायचे.”

“आणि पाण्याकडं बघंना झालाय त्यो,” बापूसोंनी आपण होऊन सांगितलं. “नदीकडंनं चालताना माणूस पाण्याकडं बघतंयच. तुमचा निघालाय परेडला.”

कोपऱ्यातल्या पलंगावर एक प्राध्यापक असायचे, तोवर कोणाशी न बोललेले. ते म्हणाले, “चष्मा देऊ नका हं त्यांना. चष्म्याचा माणूस वाटत नाही.”

मी त्याला जरा वाकवला. चाल हळू केली. मधेच थांबून पाण्याकडे बघायला लावलं. पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, “खांदे बरोबर आलेत.” बापूसोंना नदीवर त्यांची बैलजोडी हवी होती. वारलेली जोडी होती ती, नावानिशी. एका बाईंना काठावर वाळत घातलेली लुगडी हवी होती. मी जे जमेल ते घालत गेलो. मॅचबद्दल कोणी विचारेनासं झालं. माणसं आल्या आल्या आधी भिंतीकडे बघायची, पावसकर कुठे पोचलेत ते. होय, सगळे त्याला पावसकरच म्हणायचे.

लॉजवर परत जाताना मात्र माझ्याशी बोलायला कोणी नसायचं. खानावळीत मी भिंतीकडे तोंड करून जेवायचो. एकदा तिथल्या मालकानं विचारलं, “पाव्हणं, कुणी आजारी हाय काय आपलं?” मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर मी इथे का राहतो ते सांगावं लागलं असतं.

एके दिवशी मी बाईंना म्हणालो, “पावसकरांचा नंबर काढायचा झाला तर निघेल. तिकडे माझ्या ओळखी आहेत.”

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्या दिवशी बोलल्या नाहीत, त्यानंतरच्या खेपेलाही नाही. नंतर एकदा, मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, “असतील का हो अजून?”

“चौकशी केली तर कळेल.”

“करा.”

रत्नागिरीत केबलची कामं घेणारा एक जण मला माहीत होता. त्याचे सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन फोन केले आणि नंबर मिळाला. पावसकर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलीकडे राहत होते.

मी बाईंना सांगितलं आणि खिशातून मोबाइल काढला. “लावू?”

“आज नको,” त्या दचकून म्हणाल्या. “केस पण धड विंचरलेले नाहीत माझे.”

पुढच्या खेपेला त्या फिक्या जांभळ्या रंगाची साडी नेसून आल्या. केस चापून बसवले होते. सुई टोचताना सिस्टर सुवार्तांनी साडीच्या काठावर रक्त पडू नये म्हणून एक टॉवेल अंथरला. मशीन सुरू झालं. बाईंचा एक हात अडकलेला, दुसऱ्यानं त्या पदर सावरत होत्या. म्हणून मी स्पीकर चालू करून फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

“लावा,” त्या म्हणाल्या.

मुलीनं उचलला. “बाबा, तुमच्यासाठी आहे कुणाचातरी.” मग पाय घासत येण्याचा आवाज. मग एक खाकरणं.

बाईंनी डोळे मिटले.

“हॅलो,” तिकडून आवाज आला. सावकाश, बाई म्हणाल्या होत्या तसाच.

“रत्नागिरी?” बाई म्हणाल्या.

इकडे पलंगांवर कोणी हलत नव्हतं.

“रत्नागिरी ना? ओळखलंत का मला? एक्स्चेंजमधून बोलायची मी...”

“कराड!” म्हातारा आवाज एकदम उजळला. “कराड ना तुम्ही? अहो, आवाज तसाच आहे!”

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या फोन ठेवा म्हणतील.

“हो,” त्या म्हणाल्या. “कराड बोलतेय.”

“किती वर्षांनी! कशा आहात? कुठं असता?”

“बरी आहे. भावाकडे असते.”

“मी पण बरा. गुडघे तेवढे गेले.” मग ते परत खाकरले. “तुम्ही त्या दिवशी आला नाहीत.”

“कधी?”

“मी कराडच्या स्टँडवर थांबलो होतो. तुम्ही म्हणालात म्हणून रजा काढून आलो. शेवटची गाडी लागली तरी मी थांबलोच होतो. कंडक्टर म्हणाला, येताय का, नाहीतर मुक्काम पडेल.”

बाईंनी भिंतीवरच्या पावसकरांकडे एकदा बघितलं.

“निघायला जमलं नाही हो. आईचं दुखणं होतं.”

“तसंच काहीतरी असेल असं मला वाटलंच. मग विचारायला धीर झाला नाही. म्हटलं, यांना राग आला असेल कशाचा तरी.”

“राग कसला,” बाई म्हणाल्या. “तुमचा काय दोष? मी यायला हवं होतं. तुम्हाला उगीच ताटकळावं लागलं.”

“असू दे, असू दे. आता काय त्याचं.” म्हातारा हसला. “बरं वाटलं. फार बरं वाटलं. करत जा अधूनमधून.”

“करीन. ठेवते.”

मी फोन बंद केला. बापूसोंनी चादर डोक्यावर ओढून घेतली होती. सिस्टर सुवार्ता मशीनवरचे आकडे बघत उभ्या होत्या, बघण्यासारखं काही नसताना.

डायलिसिस संपल्यावर बाई नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर बसल्या, चक्कर जाईपर्यंत. मी चहा आणून दिला. त्यांनी कप हातात धरून ठेवला.

“लाइन खराब असेल त्या वेळी,” मी म्हणालो. “तुम्ही कोल्हापूर म्हणालात, त्यांनी कराड ऐकलं असेल. तुम्ही तिकडे थांबलात, ते इकडे. आणि मग इतक्या वर्षांत डोक्यात तेच राहिलं, कराड. त्यांना तुम्हालाच म्हणायचं होतं.”

“माझी लाइन कधी खराब नसायची, शिंत्रे.”

“तरी पण...”

“कराडला सुमन घोरपडे होती. गोड बोलायची. ती असेल.” त्यांनी चहाचा एक घोट घेतला. “किंवा तुम्ही म्हणता तसं असेल. कुणाला विचारणार? त्यांनाच विचारावं लागेल, आणि ते आता मी विचारणार नाही. इतक्या दिवसांनी कोणीतरी येऊन त्यांना सांगितलं की तुमची चूक नव्हती. ते परत कशाला काढून घ्यायचं?”

“तुम्हाला तसं कोणी सांगितलं नाही.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “रिक्षा बोलवा.”

त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी केतकीचा नंबर काढला. थोडा वेळ तो स्क्रीनवर राहिला, मग स्क्रीन आपोआप काळी झाली. मग मी चौबळ साहेबांना फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. “तिथं असं काय मिळालंय तुला?” त्यांनी विचारलं.

महिनाअखेरीला डॉक्टर आरवाडे स्वतः प्रत्येक पलंगापाशी गेले. बापूसो म्हणाले, “मॅच घरी बघतो की. माझी बैलं हाईत त्यात.” प्राध्यापक म्हणाले, राहू दे. लुगड्यांच्या बाई म्हणाल्या, राहू दे. मगदूम बाईंपाशी आल्यावर डॉक्टर हसत म्हणाले, “तुमचं काय मत, ते मला माहीतच आहे.”

“टीव्ही लावा,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी बाईंकडे. त्या खिडकीकडे बघत होत्या.

चित्र राहिलं. डॉक्टर गेल्यावर मी स्टूल पुढे ओढून हळूच म्हणालो, “त्यांना मी काढून टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे.”

“अजिबात नको. सगळ्यांना सवय झालीय त्यांची. बापूसो काय म्हणतील?” मग त्यांनी सिस्टरांना हाक मारली. “सुवार्ता, पुढच्या वेळेपासून माझी उशी पायथ्याशी घाल. मला खिडकीकडे तोंड करून झोपायचंय.”

तशीच व्यवस्था झाली. बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून, आणि त्या एकट्या पाठ करून. खिडकीबाहेर हॉस्पिटलची पाण्याची टाकी होती आणि एक शेवग्याचं झाड. त्यानंतर मला कोल्हापूरचं काम मिळालं, मग सोलापूरचं. आता माझ्याकडे बारा माणसं आहेत, आणि ती माणसं काढणारी माणसं आहेत; मी अजूनही फार चांगली काढत नाही. पण बाई होत्या तोवर, मिरजेवरून जायचं झालं की मी उतरायचो. स्टूल घेऊन खिडकीपाशी बसायचो. त्या भावाच्या घरचं सांगायच्या, सिस्टर सुवार्ताच्या मुलीच्या दहावीचं सांगायच्या. चित्राचं नाव काढायच्या नाहीत.

एकदाच काढलं. दुपार होती. बाकीचे बहुतेक झोपलेले. बाई शेवग्याकडे बघत होत्या.

“आहेत का हो ते अजून?” मान न वळवता त्यांनी विचारलं.

मी भिंतीकडे बघितलं. “आहेत.”

“काय करतायत?”

“थांबलेत. पाण्याकडे बघतायत.”

मला वाटलं, त्यांना झोप लागली.

“निघाले की सांगा,” त्या म्हणाल्या.